आईच्या मंगलाष्टका आणि माझा डबा

सांगतो, पण आधी चहा संपवा. हा किस्सा सुरू केला की लोक हसतात आणि नंतर कपाकडं बघत बसतात. बहिणीच्या लग्नात मी जो घोळ घातला ना, तसा घालायला इंजिनिअरच लागतो. साध्या माणसाला जमत नाही.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. उद्यमनगरात एक खोली, तिथं मी आवाज वाजवणारे डबे बनवतो. दूध संस्थेत 'कॅन पुढं सरकवा', दवाखान्यात 'पुढचा पेशंट', असल्या सूचना देणारे. आता एमपीथ्री म्हणजे काय, तर घडी घालून दाबून ठेवलेला आवाज. वाजवायचा तर आधी घडी उलगडायला लागते. मोबाईलमधली चिप हे काम झोपेत करते. मी मात्र बाजारातली सगळ्यात स्वस्त चिप आणतो आणि तिच्याकडून तेच करून घेतो. याचा मला इतका माज होता की विचारू नका.

त्या माजाला भीक घालत नव्हती ती फक्त आमची आई. एक डबा मी तिच्या स्वयंपाकघरात ठेवला होता. सकाळी भजन लावलं की तो मध्येच अडकायचा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "संजू, तुझं यंत्र दमलं बघ."

तिचा स्वतःचा आवाज कधी दमला नाही. गल्लीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टका म्हणायला तिलाच बोलावणं. मग ती आजारी पडली आणि तिला कळून चुकलं, की पल्लवीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाला ती नसणार. तिनं शेजारच्या शोभाकाकूंना समोर बसवलं आणि त्यांच्या मोबाईलवर मंगलाष्टका म्हणून ठेवल्या. शेवटचं कडवं खास पल्लवीसाठी रचलेलं. थोड्या दिवसांनी आई गेली.

काकूंनी रेकॉर्डिंग मला पाठवलं. पल्लवी म्हणाली, "मी आत्ता ऐकणार न्हाय दादा. अक्षता पडताना ऐकणार."

लग्न ठरलं गडहिंग्लजच्या घरात. मामा म्हणाला, "मोबाईलला वायर जोड आणि लाव की सरळ."

"आईचा आवाज मोबाईलवर? माझ्या डब्यावर वाजणार."

"लेका, लग्न हाय. प्रदर्शन न्हाय."

ऐकलं का मी? उलट आणखी शहाणपणा केला. दूध संस्थेच्या सूचना मी जमेल तितक्या दाबून ठेवतो. आवाज जरा घोगरा आला तर म्हशी तक्रार करत नाहीत. पण आईचा आवाज दाबायचा? माझ्या हातानं? मी फाईल सगळ्यात वरच्या दर्जाची केली. म्हणजे त्या बिचाऱ्या चिपपुढं कामाचा डोंगर उभा केला. तिला ते झेपेना, म्हणून एक युक्ती केली. सुरुवातीचा भाग आधीच उलगडून साठवून ठेवायचा. आपण रात्री टाकी भरतो आणि सकाळी नळ सोडतो, तसं. आणि टाकी आटलीच, तर शांतता नको म्हणून शेवटचं वाजलेलं वाक्य परत परत वाजवायचं. ही सोय सूचनांच्या डब्यात पहिल्यापासूनच होती. 'कॅन पुढं सरकवा' दोनदा ऐकून कुणाचं काय बिघडतंय?

चाचणी घेतली नाहीस का, असं विचाराल. घेतली. खूपदा घेतली. पण पहिलं कडवं संपेपर्यंत माझे डोळे भरून यायचे आणि मी डबा बंद करायचो. पुढं ऐकवायचंच नाही. आणि पहिलं कडवं तर टाकीतलं होतं, ते झकासच वाजणार.

लग्नाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. अंतरपाट धरलेला, पल्लवी हार घेऊन उभी, मामा तिच्या मागं. मी बटण दाबलं. आईचा आवाज आला. गल्लीतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी व्याह्यांकडं अशा नजरेनं बघितलं, जणू आईला मीच परत आणलंय.

दुसरं कडवं संपलं. "शुभमंगल सावधान." अक्षता पडल्या. लगेच पुन्हा, "शुभमंगल सावधान." पुन्हा अक्षता. पुन्हा तेच. टाकी आटली होती.

लोकांना काय कळणार? आपल्याकडं सावधान ऐकलं की हात आपोआप वर जातो. मुठी रिकाम्या झाल्या तशी मंडळी खुर्चीवर पडलेल्या अक्षता गोळा करून टाकायला लागली. बँडवाल्याला वाटलं लग्न लागलं, त्यानं वाजवायला सुरुवात केली. बँड ऐकून मागच्या रांगा उठल्या आणि पंगतीकडं पळाल्या. गुरुजी ओरडतायत, "अहो बसा, अजून लागायचंय." व्याही मला विचारतायत, "पावणं, झालं का न्हाय झालं? आमच्या पोरानं हार घालायचा का थांबायचं?" मी टेबलाखाली वायर शोधतोय आणि वर आई तेच एक वाक्य म्हणतेय, अजिबात न दमता.

शेवटी मामानं वायर उपटली. मुहूर्त टळत आला होता, म्हणून पुढचं गुरुजींनीच घाईघाईनं म्हटलं, अर्ध्या रिकाम्या हॉलपुढं. लग्न लागलं. आईनं पल्लवीसाठी रचलेलं कडवं तेवढं राहिलं. हार घालून पल्लवी माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "दादा, मोबाईल तुझ्या खिशातच होता की रे."

त्यापेक्षा तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाठवणीआधी हॉलमागच्या खोलीत आम्ही बसलो. पल्लवी, मामा, शोभाकाकू आणि मी. मोबाईलवर लावलं. सगळी कडवी सरळ वाजली, कुठं अडकणं नाही. शेवटच्या कडव्यात पल्लवीचं नाव आलं, माहेरचं दार उघडं असल्याचं आलं, आणि ती मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. रेकॉर्डिंग संपलं असं समजून मी हात पुढं केला, तर आत काहीतरी खुडबुडलं आणि आई बोलली. गाण्यातला नाही, रोजचा आवाज.

"शोभा, ऱ्हाऊ दे चालू. एक सांगायचं ऱ्हायलं. संजू, ऐकतोयस न्हवं? लग्नात त्या डब्यावर लावू नगंस बाबा. साधं मोबाईलवर लाव."

मी शोभाकाकूंकडं बघितलं. रेकॉर्डिंग त्यांनीच केलेलं, म्हणजे त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं.

"काकू, मला सांगायचं तरी."

काकू खाली बघत म्हणाल्या, "मला वाटलं, तू ऐकलंयस. आणि तरीबी डबाच आणलास."