आपांचं ‘यस सर’

मार्च १९६७, सोमवार. सकाळी मी दुकानात बसून नव्या बुटांत जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे बोळे कोंबत होते. लाकडी फर्म्यावरून उतरवलेला बूट चेपू नये म्हणून असं करतात. आपांनी चामडं कापायची रापी पुसून ठेवली, हात धुतले, सदऱ्याची वरची गुंडी लावली. आम्हाला ऑफिसात जायचं होतं.

आपा म्हणजे माझे वडील. नागपूरच्या सदर भागात आमचं बुटांचं छोटं दुकान. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही हक्का बोलायचो, ती दक्षिण चीनमधली बोली. उंबऱ्याबाहेर मराठी. शेजाऱ्यांनी आपांचं कधीच अप्पा करून टाकलं होतं. माझा जन्म इथलाच, शाळा मराठी. पण चीनशी लढाई झाली आणि आम्ही परदेशी ठरलो. ठराविक मुदतीनं परदेशी नोंदणीच्या ऑफिसात हजेरी द्यायची, परवान्यावर साहेबाची सही घ्यायची. परवानगीशिवाय शहराची हद्द ओलांडायची नाही. वर्गातल्या मुली सहलीला रामटेकला गेल्या, तेव्हा मी दुकानात बसून बुटांना पॉलिश केलं.

लढाईनंतर आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला आगगाडीत घालून लांबच्या छावणीत नेलं होतं. ते परत आले नाहीत. त्यामुळे साहेबाची सही म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

साहेब नवे होते. आम्हाला बघताच खुर्चीत मागे रेलले.

“आर यू अ स्पाय?”

“यस सर,” आपा म्हणाले.

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळली. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आपा पुन्हा “यस सर”. हसू उसळलं. कोणीतरी आतल्या खोलीतल्यांना बोलावून आणलं. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. सगळे हसताहेत म्हणून आपाही हसले. मान लववून हसले.

मी शेजारी उभी. पंधरा वर्षांची. मला एक अक्षर कळलं नव्हतं.

सही झाली. व्हरांड्यात शिपायानं मला थांबवलं. “काय वं पोरी, तुह्या बापाचं डोकं फिरलं काय? साहेबानं पुसलं, तू चीनचा हेर हाय का. अन् हा हो म्हणून राहिला!”

मी आपांचं कोपर धरून त्यांना बाहेर काढलं.

आपांचं डोकं फिरलं नव्हतं. आमच्यात वडीलधारं किंवा अधिकारी माणूस बोलत असलं की मधूनमधून हो, हो म्हणायचं. म्हणजे ऐकतोय. गोष्ट ऐकणारा हूं हूं करतो, तसं. गप्प राहणं हा उद्धटपणा. आपांना इंग्रजीचे दोनच शब्द येत होते, आणि ते त्यांनी अदब म्हणून वापरले.

मी घरी आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी हातातल्या बुटाच्या टाचेत एक खिळा ठोकला. मग म्हणाले, “मोठ्या माणसापुढे गप्प कसं बसणार?”

म्हणजे पुढच्या हजेरीलाही ते यस सर म्हणणार होते. उद्या साहेबानं विचारलं, चीनला परत जातोस का, तरी यस सर. साहेबाचं इंग्रजी ऐकून समजायला कोणीतरी हवं होतं. माझ्याशिवाय घरात कोणी नव्हतं.

मी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडे गेले. म्हटलं, इंग्रजी बोललेलं कळायला हवंय, शाळा सुटल्यावर थोडं शिकवाल का. बाई वर्गासमोर म्हणाल्या, “बूट शिवायला कशाला लागतं गं इंग्रजी? आणि तुम्हा लोकांच्या त्या डोळ्यांना अक्षरं दिसतात तरी का?” वर्ग हसला. ऑफिसातलंच हसू. आवाज बायकी, एवढाच फरक.

बाईंचा नाद सोडला. दुकानात बुटांत कोंबायला आणलेला रद्दीचा गठ्ठा होता. एकेक पान सपाट करून वाचू लागले. कसं वाचायचं ते आपांनी शिकवलेल्या पद्धतीनं. चिनी धडा असा शिकतात: पुस्तकाकडे पाठ करून उभं राहायचं आणि सगळं घडाघडा म्हणायचं. अर्थ नंतर, आपोआप येतो म्हणतात. मी कापसाच्या बाजाराची एक आख्खी बातमी पाठ केली.

शेजारी इंदूबाईंचं शिलाईचं दुकान. नवरा नाही, जीभ तिखट, आणि गल्लीतला एकुलता रेडिओ त्यांच्याकडे. त्यांच्यापुढे मी ती बातमी म्हणून दाखवली. एकही अडखळ नाही.

“वाहवा! अन् म्हणजे काय वं?”

मला सांगता येईना.

“मंग तुह्या बापात अन् तुह्यात फरक काय राहिला?”

लागलं. खोलवर लागलं. कारण खरं होतं. बाप न कळता दोन शब्द म्हणत होता, मी न कळता दोनशे.

पाठ करणं त्या दिवशी थांबवलं. शाळेच्या वाचनालयातून शब्दकोश आणला आणि एका बैठकीला एकच वाक्य फोडू लागले. फार हळू चालायचं. एक वाक्य लागलं की आधीचं विसरलेलं असायचं. हजेरीचा दिवस जवळ येत होता आणि मी कापसाच्या भावातच अडकले होते.

ऐकणं तर त्याहून वाईट. सकाळच्या इंग्रजी बातम्यांना मी इंदूबाईंच्या दारात जाऊन उभी राहायचे.

“काहून उभी राहिली वं? आत ये. मले त ह्या बातम्या म्हणजे कोणी भांडे घासून राहिलं असंच वाटते.”

मलाही तसंच वाटायचं. हक्कात एकेक शब्द सुटा येतो, आणि आवाज चढला की शब्दच बदलतो. इंग्रजीत शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि आवाज कुठेही चढतो, कुठेही उतरतो. त्यामुळे ओळखीचा शब्दसुद्धा प्रश्नात आला की मला अनोळखी वाटायचा. कान लावून लावून डोकं दुखायचं. बातम्या संपायच्या. हाती काही नाही. एकदा मी तिथेच, कापडाच्या चिंध्यांत बसून रडले.

इंदूबाईंनी मशीन थांबवलं नाही. “रडून कान उघडत नाही. अन् मले एक सांग, तुह्या बापाले मराठी येते. तो साहेब कोठचा हाय? लंडनचा?”

मी नाक पुसलं. नव्या साहेबांशी बोलायचं ते इंग्रजीतच, हे मी धरूनच चालले होते. जसं आपा धरून चालले होते की मान खालीच घालायची.

मग मी सगळं ऐकणं सोडून दिलं. एक ओळखीचा शब्द पकडायचा. तो सोडायचा नाही. मग पुढचा. मधलं वाहून गेलं तर जाऊ द्यायचं. एवढंच मला जमलं, हजेरी येईपर्यंत.

त्या दिवशी मुदत संपत होती. सही आजच हवी. साहेबांसमोर एक पाहुणे बसले होते, पायांत झकास बूट. आम्ही आत आलो तसा साहेबांनी पाहुण्यांना डोळा मारला. मग दाराकडे वळून शिपायावर ओरडले, “काहून बे, चाय कुठं मेली?” आणि लगेच तोंड बदलून आपांकडे.

“वेल, मिस्टर. शॅल वी पुट यू ऑन द ट्रेन? यू अँड द गर्ल? बॅक टु चायना?”

ट्रेन. गर्ल. बॅक.

एवढेच तीन शब्द हाती लागले. पण त्या तीन शब्दांत ओळखीच्या त्या कुटुंबाची गाडी होती, आणि डब्यात मी होते.

आपांनी मान लववली. ओठ उघडले. मी त्यांच्या तोंडावर हात दाबला.

लेकीनं बापाच्या तोंडावर हात ठेवणं, तेही चार लोकांत. आमच्यात याहून मोठी बेअदबी नाही. त्यांचा श्वास माझ्या तळव्यावर लागत होता. त्यांनी हात झटकला नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला आजही सोसत नाही.

“साहेब,” मी म्हणाले. “मराठीत पुसा. तुमाले बी येते, आमाले बी येते.”

शिपाई चहाचे कप घेऊन दारातच थबकला. पाहुण्यांनी पाय आखडून घेतले.

“काय म्हणाली?” साहेब म्हणाले. मराठीत.

“सहीसाठी जे पुसाचं असन, ते मराठीत पुसा. हे ट्रेनचं त्यात नाही.”

त्यात काय असतं ते मला ठाऊक होतं. राहता कुठे, धंदा काय, घरात कोण कोण. आधीचे साहेब एवढंच विचारायचे, हिंदीत.

साहेबांचा चेहरा लाल झाला. “बाहेर बसा.”

बसलो. दुपार गेली. टेबलं आवरली गेली, खिडक्या लागल्या. साहेब आमच्यासमोरून निघून गेले. शिपाई कुलूप लावताना पुटपुटला, “काय केलं वं हे? आता उद्या कोण वाचवन तुमाले?”

मुदत संपली होती. आता आम्ही नागपुरात विनापरवाना होतो. कोणीही यावं आणि घेऊन जावं. घराकडे चालताना मला वाटत होतं, ज्या गाडीला मी एवढी भ्याले, तिच्यात आपांना मीच बसवलं.

घराशी आल्यावर आपा बोलले. “तू माझं तोंड धरलंस.”

“हो,” मी म्हणाले. विचार करून म्हणाले. “पुन्हाही धरीन.”

ते जेवले नाहीत. मीही नाही.

आज मी पन्नाशी ओलांडली आहे. दुकान मी चालवते. इंग्रजी माझं अजून तोडकंमोडकंच आहे. पण जे कळलं नाही त्याला मी त्यानंतर कधी हो म्हटलेलं नाही. बँकेत नाही, कोर्टात नाही, लग्नाच्या बोलण्यांतही नाही.

त्या हजेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपा उठेनात. “जाऊन काय करायचं,” म्हणाले. मी त्यांच्या पायांशी बसून त्यांच्या बुटांतले कागदाचे बोळे काढले, बूट त्यांच्या पायांत चढवले, नाड्या बांधल्या. ऑफिस उघडायच्या आधी आम्ही बाकावर होतो. साहेब आले. आमच्याकडे न बघता आत गेले. मी आपांना बसायला सांगितलं आणि दारात जाऊन उभी राहिले.

“यस?” साहेब म्हणाले.

मी मान लववली नाही.

“पुसा,” मी म्हणाले.