मामीने फोडलेली संख्या

सध्याच्या दिवसांत कापसाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार करणारे एक तरी माणूस वऱ्हाडात तुम्ही पाहिले आहे काय? मी पाहिले आहे, आणि ती माझी अकोल्याची मामी. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, विलायतेला आमचा कापूस हवासा झाला, आणि चांगली शहाणी माणसे झोपेतही भाव पुटपुटू लागली. मामी मात्र धूळपाटीवर ओळीने अकरा एक मांडून बसली होती. अकराशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा! एवढ्या मोठ्या संख्येला निःशेष भागणारे कोणी आहे की नाही, हा तिचा ध्यास. लहानपणी भाऊ पंतोजींपुढे घोकत, तेव्हा दाराआड उभी राहून ती भागाकार शिकली; पुढे तिला थांबवणारा कोणी निपजला नाही.

तिच्या घरात शिंकायला बंदी होती. एक शिंक, की धूळ उडाली आणि सकाळपासूनचा भागाकार गेला! बाजारातून आलेल्याने अंगावरचा कापूस अंगणात झटकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. खुद्द मामालाही सूट नव्हती. एकदा त्याला ऐन पाटीशी ठसका लागला.

"झालं! आता तेरानं पुन्हा भागा," मामी कडाडली.

"अवं, तिकडं भाकर करपून राहिली!"

"करपू द्या. नऊ उरले होते, तेवढं ध्यानात ठेवा!"

मी अमरावतीहून गेलो की कुशल विचारायच्या आधी ती सांगे, "सातानं दोन उरले, सतरानं चार. लय चिवट आहे, बाप्पा!" अशी तीन वर्षे गेली. आणि गेल्या पौषात, माझ्या डोळ्यांदेखत, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागता भागता बाकी शून्य आली! मी उडीच मारली. मामी मात्र ते शून्यच बोटाने गिरवत बसली.

"काहून वं मामी, आनंद नाही झाला काय?"

"मले वाटलं होतं, हा कोणालेच दाद देत नाही," ती हळूच म्हणाली. "फुटला बिचारा."

मग तिने पदराने डोळे पुसले आणि मला शाळेच्या पंतोजींकडे धाडले. जाणत्या माणसाने एकदा तपासावे, एवढीच तिची इच्छा. पंतोजी म्हणाले, "बायकांचे धुळीतले भागाकार तपासायला आम्हाला सवड नाही." कापसाचा भाव विचारायला मात्र त्यांना अर्धा तास सवड होती! ज्याच्या हाती शाळा, त्यानेच बरोबर उत्तर बाईचे म्हणून झिडकारावे, याहून मोठा अडाणीपणा कोणता?

घरी येऊन मी स्वतः भागाकार केला. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा शून्य आले. मामी हसली. "तू माया भाचा. तुयं कोण धरते? एका परक्यानं म्हणावं, बस."

म्हणून, वाचकहो, आजच पाटी घ्या. अकरा एक मांडा आणि एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागा. भागाकार पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस यायला हवा. बाकी शून्य उरली, की अकोल्याकडे निघालेल्या कोणाही गाडीवानाजवळ मामीसाठी दोनच शब्द द्या: बरोबर आहे.