मामीच्या परसातलं वारूळ

शांतामामी सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी पोळ्यांचं बेलणं हातात घ्यायची. मग घरभर हिंडत दाराच्या चौकटी, खांब, खुंट्या, सगळ्यांवर टकटक करायची आणि कान लावून ऐकायची. लाकूड भरीव वाजलं की पुढे. पोकळ वाजलं की दमलेल्या आवाजात म्हणायची, "खाल्लं व माय, हेबी खाल्लं." आंजी गावात तिचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून होतं. त्यामुळे आमच्या घरी वेगळं गजराचं घड्याळ लागत नसे.

वाळवीला आमच्याकडे उदई म्हणतात. मामीकडची उदई परसातल्या वारुळातून यायची. जमिनीखालून निघून भिंतीवर मातीच्या रेघा काढत वर चढायची. मामी खुरप्यानं त्या रेघा खरडायची, रॉकेल ओतायची. कंदिलाला उरायचं नाही एवढं रॉकेल उदईला. भाचीसाठी स्थळ पाहायला गेली, तर तिथल्याही चौकटीवर बोटांची पेरं वाजवून आली. "पोरगा बरा हाये, पन चौकट पोकळ हाये," हा तिचा निकाल. लोक वर्षभर हसले.

तीही हसायची. पण मामा गेल्यावर एकटीनं खरडून खरडून थकली होती. एकोणीसशे ऐंशी साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात छपराचा भार पेलणारी मयालच पोकळ वाजली. हिंगणघाटला नोकरीला असलेला तिचा गजानन कुदळ आणि उदई मारायची पावडर घेऊनच आला. "माय, आज वारूळ खोदतो. नाई तं घर पडते."

मामीनं कुदळीचा दांडा धरला. नागपंचमीला गल्लीतल्या बायका याच वारुळाला दूध-लाह्या घेऊन येत. ज्यांना माहेरी जाता येत नसे, त्या इथल्याच नागोबाला भाऊ म्हणत.

"काऊन थांबवून राह्यली?" गजानन म्हणाला.

"घर माह्यं एकलीचं हाये, बाबू. वारूळ गल्लीचं हाये. एकलीच्यापायी साऱ्याइचा भाऊ खोदू काय?"

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर अजूनही येतो. घर खाणाऱ्यालाच दूध पाजायचं, हा कुठला धर्म? माझी आई मात्र जाऊन मामीशेजारी ओट्यावर बसली.

पावसाळ्याच्या तोंडावर मयाल खाली आली. मामी अंगणात होती म्हणून वाचली. गजाननानं तिला हिंगणघाटच्या स्लॅबच्या घरी नेलं. मी भेटायला गेलो, तर बेलणं सिमेंटच्या भिंतीवर वाजवून म्हणाली, "याले कोनी खात नाई. बरं हाये. पन सकाळी उठून करू काय, सांग?"

नागपंचमीला ती एसटीनं आंजीला आली. पडक्या भिंतींतून वाट काढत सगळ्या बायकांच्या मागे उभी राहिली. आपली पाळी आल्यावर तिनं दूध ओतलं आणि वारुळाकडे बघत राहिली. "झालं न खाऊन, भाऊ? आता तुलेबी काम नाई, मलेबी नाई."

मग आमच्याकडे चहाला आली. आत येता येता पेरं आमच्या चौकटीवर गेलीच. भरीव वाजली. "तुमचं राह्यलं," म्हणाली आणि टेकली.

त्या हिवाळ्यात मामी गेली. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी आईनं सहज बेलणं चौकटीवर वाजवलं. पोकळ आवाज मीही ऐकला. आई खुरपं शोधायला गेली.