आलूवर गोधड्या

शाळा मी दुसरीतच सोडली, पण वावर कसं ठेवावं हे मले कोणी शिकवाची गरज नव्हती. माझ्या वावरात काडी पडलेली दिसत नसे. म्हणून ऐंशी सालाच्या आसपास एका हिवाळ्यात बाहेरगावच्या लग्नाहून परत आलो आणि विहिरीजवळच्या तुकड्यावर वीतभर गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, पसरलेला पाहिला, तेव्हा मी धुऱ्यावरच, वावराच्या बांधावर, बसलो.

“हे काय करून ठेवलं?”

बायको म्हणाली, “आलू लावले. मातीवर ठेवले न् वरून गव्हांडा टाकला. पवनारले माझ्या माहेरी असेच करतात. पानी कमी लागते.”

“मातीत न गाडता? तुया माहेरी लोकं झोपतातबी उलटेच का?”

“मंग तुमी खाऊ नोका.”

मी त्या तुकड्याकडे पाहणंच सोडलं.

होळीच्या दिवशी सकाळी गेलो, तर तुकडा उघडा. गावातल्या पोट्ट्यांनी गव्हांडा होळीसाठी उचलून नेला होता. होळीले वावरातला कचरा नेला तर आमच्याकडे कोणी बोलत नाही, आणि त्यांच्या लेखी तो कचराच. पण मी पाहिलं ते वेगळंच. काळ्या मातीवर, हिरव्या झाडांच्या बुडाशी, पांढरेफट आलू उघडे पडले होते. ना चिखल, ना कुदळीचा घाव. आयुष्यभर जमीन उकरून आलू काढले मी. असे कधी पाहिले नव्हते.

बायको मागून आली आणि मटकन खाली बसली. “आजून कोवळे हायेत. ऊन लागलं का हिरवे पडतीन, कडू होतीन. गेले सारे.”

मी घरी पळालो. गोधड्या, चादरी, जे हाती लागलं ते आणलं. लग्नाकार्याचं धोतरही पसरू लागलो.

“ते राहू द्या. चांगलं हाये.”

“आलूबी चांगले हायेत.”

तरी निम्मा तुकडा उघडाच राहिला. गव्हांड्याचा ढीग होता फक्त शेजाऱ्याच्या खळ्यात. धुऱ्याच्या भांडणापासून आमचं बोलणं बंद होतं, आणि मी जन्मात कोणाले काही मागितलं नव्हतं. त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“काय पायजे?”

“गव्हांडा.”

“बैलं त खात नाई तो. कायले?”

“आलूले पांघराले.”

त्यानं मले खालून वर पाहिलं.

“तब्येत बरी हाये ना तुयी?” म्हणाला, आणि गव्हांड्यासाठी गाडी जुंपाले उठला.