एका फोनवर आठ जणी

दिवाळी झाली आणि यंत्राने मला कळवलं की माझ्या आठ विद्यार्थिनींपैकी सात जणींनी शिक्षण सोडल्यात जमा आहे. आदल्याच रविवारी मी त्या आठही जणींना शिकवून आले होते.

मी मुक्त विद्यापीठाच्या वर्ध्यातल्या एका अभ्यासकेंद्रात समंत्रक आहे. समंत्रक म्हणजे मास्तरीणच, फक्त रोज न भेटणारी. दर रविवारी स्कूटर काढून केळझरच्या पुढच्या एका गावात जाते आणि तिथल्या समाजमंदिरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या आठ बायकांना शिकवते. शिवाय माझी पीएच.डी. चालू आहे. बरीच वर्षं चालूच आहे. दूरशिक्षण घेणाऱ्या खेड्यातल्या बायका मधेच कधी थांबतात आणि का थांबतात, हा विषय. सिंदी मेघेतल्या आमच्या घरात या विषयाने बैठकीतला दिवाण अडवून ठेवलाय, त्यामुळे पाहुणे आले की खुर्च्या शेजारून आणाव्या लागतात.

आधीच सांगून टाकते, मी यंत्राच्या विरोधात नाही. पूर्वी मुलाखतींची उत्तरं मी कात्रीने कापायची आणि चिठ्ठ्यांचे ढीग त्या दिवाणावर लावायची. एक ढीग घरकामाचा, एक आजारपणाचा, एक नवऱ्याचा. चिठ्ठ्या उडतात म्हणून पंखा बंद. वर्ध्याच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणं काय असतं हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. आता तेच काम कृत्रिम बुद्धिमत्ता माझा चहा निवायच्या आत करते. बाहेरच्या देशांतले अहवाल, जे मला जन्मात वाचता आले नसते, ते सोप्या मराठीत समोर मांडते. एकदा तर तिने माझ्या प्रश्नावलीतच खोट काढली. ‘घरकामामुळे अभ्यासाला वेळ मिळत नाही, असे तुम्हाला वाटते का?’ असं मी विचारलं होतं. यंत्र म्हणालं, या प्रश्नातच उत्तर आहे. मला मिरच्या झोंबल्या, पण खरं होतं. एवढं हातात दिल्यावर कोणती बाई नाही म्हणेल?

तर, गेल्या वर्षी आमच्या केंद्राने एक ॲप आणलं. व्याख्यानं त्यात, छोट्या चाचण्या त्यातच. कोण किती वेळ ऐकतं, कुठे थांबतं, काय पुन्हा लावतं, यावर यंत्र नजर ठेवतं आणि विद्यार्थ्याच्या नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका देतं. माझ्या गावच्या सात जणी लाल होत्या. आठवी मात्र गडद हिरवी. तिच्याबद्दल यंत्राने एक परिच्छेदच लिहिला होता: ही विद्यार्थिनी रोज दुपारी नेमाने अभ्यास करते, कठीण भाग चार-चार वेळा ऐकते, चाचणीत घाई करत नाही, एकेका प्रश्नावर बराच विचार करते. असाधारण चिकाटी.

माझे मार्गदर्शक खूश झाले. “मॅडम, हे तर तयार प्रकरण आहे,” ते म्हणाले. “या एका बाईवर सविस्तर लिहा. बाकीच्या कापसाच्या हंगामात गळतात, हा निष्कर्ष. उन्हाळ्याच्या आत प्रबंध सादर करून टाकू.”

केंद्रप्रमुख वेगळ्याच कारणाने खूश झाले. रविवारचा वर्ग चालू ठेवायचा की नाही याचा अहवाल त्यांना महिनाअखेर वर पाठवायचा होता, आणि त्यासाठी माझं मत लेखी हवं होतं. “एकच बाई शिकते अन् तीही ॲपवरच शिकते,” ते म्हणाले. “मग तुम्ही एवढ्या लांब जाता कशाला?”

वर्ग बंद झाला तर त्या बायकांनी वर्ध्याला यायचं होतं. रविवारी वर्ध्याला येणं त्यांच्यापैकी एकीलाही जमणार नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणजे त्यांची पदवी आता माझ्या एका कागदावर लटकली होती आणि त्या कागदावर काय लिहायचं ते यंत्राने सांगून ठेवलं होतं. मी सही केली नाही. उंटावरून शेळ्या हाकायचं काम आपल्याला जमत नाही. मंगळवारी रजा टाकली, स्कूटरला किक मारली आणि गाव गाठलं.

गावात कोणीच नव्हतं. कापसाची वेचणी सुरू झालेली. पहिल्या वेचणीचा दहीभात वावराला, म्हणजे शेताला, दाखवून झाला की या भागात बाई घरी सापडत नाही. एका म्हाताऱ्याने हात करून दिशा दाखवली. बांधावरून चपला हातात घेऊन गेले तर लिंबाखाली त्या सगळ्या बसलेल्या, कापूस वेचायची कमरेची फडकी सोडून, भाकरी आणि वांग्याची भाजी पुढ्यात. आठांपैकी एक अंगणवाडीत मदतनीस आहे, तीही होती. अंगणवाडी सुटली की ती तशीच वावरात येते. मधोमध एक स्टीलचा गंज, म्हणजे उभट पातेलं, आणि गंजात उभा ठेवलेला फोन. गंजामुळे आवाज चांगला घुमत होता. माझ्याच केंद्राचं व्याख्यान चालू होतं, राज्यशास्त्राचं.

“थांब वं, मांगं घे,” एक म्हणाली. “मले नाई समजलं.”

फोनवालीने मागे घेतलं. मग दुसरीने पुन्हा घ्यायला लावलं, मग तिसरीने. चार-चार वेळा ऐकणारी असाधारण चिकाटी माझ्या डोळ्यांसमोर भाकरी खात होती. नंतर चाचणी आली. एका प्रश्नावर दोन तट पडले, वाद झाला, हात वर करून मत घेतलं गेलं आणि मग फोनवालीने बोट टेकवलं. घाई न करता बराच विचार करते, असं यंत्राने लिहिलं होतं. ते तरी अगदी खरं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. दर रविवारी मी विचारायची, “व्याख्यान ऐकलं का?” आणि आठही जणी म्हणायच्या, “हो जी.” ऐकलंच होतं.

“तुमच्या स्वतःच्या फोनवर का नाही ऐकत?” मी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मला ऊन लागलंय. मग मदतनीस समजुतीच्या सुरात म्हणाली, “मॅडम, एका चुलीवर आठ जणींच्या भाकरी होते, तं आठ चुली काऊन पेटवाव?”

मी त्यांना ठिपक्यांचं सांगितलं. फोनवाली हिरवी आणि बाकी लाल, हे ऐकून फोनवाली लाजली आणि बाकीच्या हसल्या. वर्ग बंद होईल म्हटल्यावर हसू थांबलं.

“लाल म्हंजे मी नापास झालो का?” मदतनीस म्हणाली. अंगणवाडी सेविकेची जागा गावात कधीतरी निघणार आणि तेव्हा पदवी असलेलीला गुण जास्त, हे तिने चार वर्षांपासून पक्कं धरून ठेवलंय.

“नापास नाही. तू आलीच नाहीस असं दिसतं.”

“आलो नाई कशी? तुमच्या पुढं तं बसून राह्यलो!”

मला त्या क्षणी जो राग आला तो कोणावर आला ते मी अजून ठरवू शकले नाही. यंत्रावर, केंद्रावर, की पंखा बंद करून इतकी वर्षं ढीग लावणाऱ्या स्वतःवर. पण राग कामाचा होता. घरी आल्यावर यंत्राला विचारलं: एका खात्यावरून आठ जणी शिकत असतील तर तुझ्या निष्कर्षाचं काय? ते लगेच म्हणालं, तर तो निष्कर्ष टिकत नाही. वर माझे आभारही मानले. सकाळपर्यंत हेच छातीठोकपणे सात बायकांना घरी बसवत होतं! तरी एक कबूल करते, त्यानंतर त्याने सुचवलेली गोष्ट उपयोगाची निघाली. ॲपवरून मोजू नका, बायका एकत्र बसतात तेव्हाचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, मी वाट्टेल तेवढं ऐकून कोण काय म्हणालं ते वेगळं काढून देतो.

मार्गदर्शकांना फोन केला. “मॅडम, म्हणजे आणखी एक वर्ष,” ते म्हणाले. “तयार प्रकरण फेकून देताय.”

“खोटं आहे ते प्रकरण, सर.”

“खोटं नाही, आकडे बरोबर आहेत.”

“आकडे बरोबर आहेत आणि बायका चुकीच्या आहेत का?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. पीएच.डी. मला हवी होती, फार हवी होती, आणि ती हातातून निसटत होती. पण त्या निष्कर्षाखाली सही करणार नाही हे ठरलेलं होतं.

केंद्रप्रमुख मात्र व्यवहारी माणूस. “मला गोष्टी नको, पुरावा हवा,” ते म्हणाले. “या रविवारी मी येतो. एकेकीला वेगळं बसवून विचारतो. उत्तरं आली तर वर्ग राहील.”

रविवारी ते आले. समाजमंदिरात आठ कोपरे नाहीत, म्हणून दोघी पायरीवर आणि दोघी अंगणातल्या लिंबाखाली बसवल्या. मदतनीसच पहिली. तिला त्यांनी ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांतला फरक विचारला. सोपा प्रश्न. तिने मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. आठ जणींनी मिळून शिकलेलं एकटीच्या तोंडून कसं निघावं, याचा विचार मीसुद्धा केला नव्हता.

मग ती म्हणाली, “सर, जसं आमी वावरात बोलतो तसं सांगितलं तं चालते का?”

“सांगा.”

“आमच्यातली दळणवाली म्हणे, दोनी एकच. मी म्हणलो, एक कशी होईल वं? पंचायत म्हंजे आपण निवडून देलेले. सभा म्हंजे मतदार यादीत नाव असलेले सारे. तं दळणवाली म्हणे, मंग पंचायतीनं केलेल्या कामाचा हिशोब कोणाले द्याचा? मी म्हणलो, आपल्याले. सभेत आपण विचाराव, त्यायनं सांगाव. ते म्हणे, मी तं कधी गेलोच नाई सभेले. मी म्हणलो, म्हणूनच तं तुले कोणी काई सांगत नाई.”

साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. बाकीच्या सात जणींनीही तशीच उत्तरं दिली, भांडणासकट. फोनवाली तेवढी दोनदा अडखळली, कारण तिचं अर्धं लक्ष नेहमी गंजात फोन सरळ उभा ठेवण्यात गेलेलं. पण उत्तरं तिलाही आली.

जाताना साहेब म्हणाले, “परीक्षेपर्यंत वर्ग राहील. पण ॲपमध्ये लालच दिसणार. वरून विचारणा होईल.”

“विचारणाऱ्यांना इकडे पाठवा,” मी म्हणाले. “दुपारी, जेवायच्या वेळेला.”

आता माझं संशोधन नव्याने सुरू आहे आणि दिवाणावर अजूनही पाहुणे बसू शकत नाहीत. ध्वनिमुद्रण करताना नावं घ्यायची नाहीत, असा नियम मी बायकांना सांगितला, संशोधनात तो पाळावाच लागतो. त्यांना त्याची काही अडचण वाटली नाही. गावात तसंही कोण कोणाला नावाने हाक मारतं! फोन गंजात ठेवला की हजेरी सुरू होते: विहिरीजवळची हजर, दळणवाली हजर, अंगणवाडी हजर. मागच्या आठवड्यात आठ झाल्यावर सगळ्या माझ्याकडे पाहत थांबल्या.

“तुमी बी सांगजा न मॅडम,” मदतनीस म्हणाली. “बसल्या तं मोजल्या पाह्यजे.”

“स्कूटरवाली हजर,” मी म्हणाले.

घरी येऊन ते मुद्रण यंत्राला ऐकवलं. त्याने प्रत्येकीचं बोलणं नीट वेगळं काढलं आणि अहवाल दिला. आठही जणी हिरव्या, एकेकीसमोर दोन-दोन ओळी. मदतनीसची प्रगती उत्तम. खाली नववं नाव होतं: स्कूटरवाली. ही विद्यार्थिनी प्रश्न पुष्कळ विचारते, उत्तर एकाचंही देत नाही. गटाकडून शिकत आहे. वर्ग बंद झाल्यास हिची गळती होण्याची शक्यता सर्वाधिक.

मार्गदर्शकांनी ती ओळ चूक म्हणून काढायला सांगितली आहे. मी काढलेली नाही.