तुंगारेश्वरच्या रानात सुरूची डहाळी

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसण्यासाठी वाचत आले आहे. मी शाळेत फिजिक्स शिकवते. "मॅडम, भूत असतं का?" असं दर वर्षी एखादा तरी विचारतोच, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं - असेल तर त्याला वजन असेल, वजन असेल तर ते काट्यावर भरेल, घेऊन ये, आपण मोजू. वर्ग हसतो आणि विषय संपतो. तेव्हा ज्यांना हे वाचून हसू येईल त्यांनी खुशाल हसावं. त्यांच्या जागी असते तर मीही हसलेच असते...

आम्ही राजोडीला राहतो. समुद्र चालत पाच मिनिटांवर, घराच्या मागे वाडी आणि वाडीच्या पलीकडे सुरूची झाडं. घरात मी, नवरा निलेश आणि माझे सासरे, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. मी मूळची नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, समुद्रकाठचं सासर म्हणजे आराम. पण आप्पांना चालण्याचं वेड. पावसाळा संपून रान वाळायला लागलं की आप्पा, त्यांचे दोन-तीन म्हातारे सोबती, निलेश आणि मी असे सातिवलीहून वर तुंगारेश्वरला जायचो, तिथून मागच्या जंगलात शिरून डोंगर ओलांडायचा, पारोळच्या बाजूला उतरायचं आणि मग चांदीपला निलेशच्या मावशीकडे नव्या तांदळाचं जेवण. दर वर्षीचं हे ठरलेलं. मावशीचं जेवण एवढं झकास, की त्यासाठी मी डोंगर सहन करत होते.

आता आप्पांची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. निघायच्या दिवशी सकाळी ते मागच्या सुरूच्या डहाळ्या तोडून झोळीत भरायचे. आप्पा सगळ्यात पुढे. जिथे वाटेला फाटा फुटेल तिथे जी वाट चुकीची, तिच्या तोंडावर एक डहाळी आडवी ठेवायची, वर दगड. सुरूच का, तर तुंगारेश्वरच्या रानात सुरू नाही, त्यामुळे आपोआप पडलेल्या फांदीशी गल्लत होत नाही. शिवाय डहाळीच्या टोकाला ते एक गाठ मारायचे, घट्ट, कान पिरगळल्यासारखी. आणि सगळ्यात शेवटी चालणाऱ्याने ती डहाळी उचलून घ्यायची. दुसऱ्या कुणाला त्या वाटेने जायचं असेल तर त्याची वाट आपण का अडवायची, हे त्यांचं म्हणणं. मी चालायला हळू, त्यामुळे शेवटची कायम मीच. चांदीपला मावशीच्या अंगणात पोचलं की आप्पा हात पुढे करायचे, मी सगळ्या डहाळ्या त्यांच्या हातावर ठेवायच्या, ते बघायचे आणि मूठ मिटायचे. मगच जेवण! एकदा मी एक डहाळी विसरले तर त्यांनी मला परत पाठवलं होतं, पार डोंगराच्या पायथ्याशी. त्या दिवशी मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

"आप्पा, मोबाईलमध्ये नकाशा असतो हो," मी म्हणायचे.

"तुजा नकाशा पावसात रानात आला होता काय?" ते म्हणायचे. "दरड कुठं पडली ते त्याला कोन सांगनार?"

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचा गेली. तेव्हापासून ते पलंगावर आहेत. कूस बदलायची तरी दुसऱ्याने बदलावी लागते. दिवसा त्यांच्याजवळ सुमनताई असतात, शेजारच्या कळंब गावच्या. निलेशला हे फार लागलं. बापाला उचलून बसवताना तो कधी बोलत नाही, पण बाहेर येऊन वाडीत उगाच फिरत राहतो. दोन वर्षं आम्ही डोंगराचं नाव काढलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मावशीचा फोन आला, नवा तांदूळ आलाय, या वर्षी तरी या. निलेश म्हणाला, "आपण दोघंच जाऊ. चालत." निघताना तो आप्पांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आप्पा, डोंगर ओलांडून मावशीकडे जातोय." आप्पा छताकडे बघत होते. ऐकलं की नाही, कळलं नाही.

तुंगारेश्वरपर्यंत दर्शनाची गर्दी होती. पुढे जंगलात शिरल्यावर एकदम शांत झालं. तांबडी पायवाट, दोन्ही बाजूंनी कमरेएवढं वाळलेलं गवत आणि कपड्यांत घुसणारी कुसळं. निलेश मोबाईलवर नकाशा बघत पुढे, मी सवयीप्रमाणे मागे. पहिल्या फाट्यावर खालच्या वाटेच्या तोंडाशी सुरूची डहाळी आडवी, वर दगड. मी वाकले, उचलली, सॅकच्या बाजूच्या खिशात खोचली आणि चालू लागले. विचारसुद्धा केला नाही. इतक्या वर्षांची सवय! चार पावलं गेल्यावर मनात आलं, अरे, याने आप्पांची पद्धत पाळली. बरं वाटलं. पण लगेच कौतुक केलं असतं तर दिवसभर मिरवला असता, म्हणून गप्प बसले. पुढच्या फाट्यावर दुसरी. तीही उचलली. गाठ मात्र अगदीच ढिली होती, उलटी पिळलेली.

ओढ्याशी पाणी प्यायला बसलो तेव्हा मी म्हटलं, "डहाळ्या ठेवल्यास ते छान केलंस. पण गाठ काही तुला आप्पांसारखी जमत नाही."

"कसल्या डहाळ्या?"

मी दोन्ही काढून दाखवल्या. त्याने हातात घेतल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "मस्करी करू नकोस," तो म्हणाला. "मी काही आणलं नाही. तू घरून आणल्यास ना?"

डहाळ्या हिरव्यागार होत्या. तोडलेली जागा अजून ओली. मग आम्हीच आमची समजूत घातली - आप्पांचे जुने सोबती आज आपल्या पुढे गेले असतील. दुसरं काय असणार? मी त्या परत खिशात ठेवल्या. मावशीला उशीर होतोय हे कळवायला निलेश रेंज शोधत एका खडकावर चढला.

त्या खडकाच्या खाली आग्या माश्यांचं पोळं होतं.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. निलेशची किंकाळी. तो घसरत खाली आला तेव्हा त्याचं तोंड माश्यांनी काळं झालं होतं. मी ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली आणि हाताला धरून धावत सुटले. मला दोन-तीन चावल्या असतील, त्याला किती ते देव जाणे. माश्या मागे राहिल्या, आम्ही थांबलो, तर त्याचे ओठ टम्म झालेले, डोळे मिटत चाललेले आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. मागे फिरायचं तर लांबचा पल्ला. पुढे उतरलं तर पारोळचा रस्ता, पण किती लवकर?

तेवढ्यात वाट पुन्हा फुटली. निलेशला बोलता येत नव्हतं. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. नकाशात डावी वाट सरळ खाली रस्त्याला लागत होती, जवळची. उजवी नकाशावर नव्हतीच.

आणि डाव्या वाटेच्या तोंडावर सुरूची डहाळी आडवी ठेवलेली होती. वर दगड.

निलेश डावीकडे ओढत होता. त्याच्या घशातली शिट्टी बारीक होत चालली होती. फिजिक्सची बाई म्हणून मी काय करायला हवं होतं ते सरळ आहे. पण इतक्या वर्षांत आप्पांची डहाळी मी कधी ओलांडली नव्हती, आणि पाय उचललाच जाईना. माझा नवरा माझ्या हातात मरत होता आणि मी एका फांदीकडे बघत उभी होते! मग मी त्याला खसकन उजवीकडे ओढलं. तो माझ्याकडे असा बघत होता की ती नजर मी विसरणार नाही. डहाळी उचलायचं भानही राहिलं नाही.

वाट बरी निघाली. एका वळणानंतर भाताची खाचरं दिसली आणि झोडणी करणारी माणसं. मी ओरडले. एक म्हातारा धावत आला, निलेशचं तोंड बघून त्याने पोराला हाक मारली, "टेम्पो काढ, भात र्‍हाऊ दे!" आम्हाला टेम्पोत बसवता बसवता तो विचारत होता, "वरनं कुठल्या वाटेनं आलात?"

"उजव्या."

"बरं झालं, बाय. डावी पावसात गेली. वळनाम्होरं वाटच नाय, नुसता कडा हाय. आमी गुरंपन नेत नाय तिकडं."

रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं, पाठोपाठ सलाईन. घसा बंद होत आला होता, असं ते नंतर म्हणाले. मी बाकड्यावर बसले आणि तेव्हा मोबाईलला रेंज आली. सुमनताईंचे मिस्ड कॉल ओळीने. आप्पांचं काही झालं, असंच वाटलं.

"वहिनी," सुमनताई रडवेल्या झाल्या होत्या, "आप्पांना कोनी बाहेर नेलं होतं काय? मी ओटीवरनं हालली नाय हो. दारातच सोडे निवडत बसलेली. मला ओलांडल्याबिगर कोन जानार? चहा पाजायला आत गेली, तर..."

"तर काय?"

"तुमी या. या आनि बघा."

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो. निलेशला धरून आत नेलं. सुमनताईंनी काहीही हलवलं नव्हतं, तेवढं त्यांना सुचलं होतं. त्यांनी आप्पांच्या पायावरची चादर बाजूला केली.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत तांबड्या मातीने भरलेले. राजोडीला वाळू आहे, तांबडी माती औषधालाही मिळणार नाही. सकाळी सुमनताईंनी त्यांना स्पंज केलेला मी स्वतः बघितला होता. आणि लेंग्याच्या दोन्ही पायांत, गुडघ्यापर्यंत, कुसळं. अगदी माझ्या सलवारीत होती तशीच. मी पलंगाची कड धरली. निलेश "आप्पा, आप्पा" एवढंच म्हणत होता.

आप्पांनी त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे खूप वेळ बघितलं. मग चादरीखालून डावा हात सावकाश बाहेर आला आणि माझ्यासमोर उघडला. तळवा वर.

मला कळलं. मी सॅकच्या खिशातून डहाळ्या काढल्या. त्या ढिल्या, उलट्या गाठी आता मला नीट दिसल्या. एकाच हाताने, डाव्या हाताने मारलेल्या. मी त्या आप्पांच्या तळव्यावर ठेवल्या. त्यांनी बघितल्या. पण मूठ मिटली नाही. हात तसाच राहिला.

"एक राहिली," निलेश म्हणाला आणि बापाच्या छातीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

त्या आठवड्यात मी आप्पांच्या सगळ्या सोबत्यांना विचारलं. दोन वर्षांत कुणीही त्या रानात गेलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांच्यातल्या दोघांना घेऊन मी पारोळच्या बाजूने वर चढले. डहाळी जागेवर होती, सुकून तपकिरी झालेली, दगडासकट. मी ती उचलली. मग आम्ही डावीकडच्या वळणापर्यंत जपून गेलो. पुढे वाट नव्हती. डोंगराची सगळी बाजूच खाली गेली होती आणि तळाशी दगड दिसत होते. त्या दिवशी आम्ही धावत होतो, निलेशला तर डोळ्यांनी धड दिसतही नव्हतं. दोघा म्हाताऱ्यांपैकी एकाने हात जोडले.

घरी येऊन मी ती सुकलेली डहाळी आप्पांच्या हातावर ठेवली. त्यांनी बघितली आणि मूठ मिटली. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी हात पुढे केला नाही.

कुणी म्हणेल सुमनताईंचा डोळा लागला असेल, कुणी म्हणेल माझी चूक होतेय. म्हणा. मीसुद्धा रात्रंदिवस स्वतःला हेच सांगून बघितलं. पण राजोडीहून त्या डोंगरापर्यंत, अंगात जीव नसलेल्या माणसाने...

लेंग्यातून काढलेली कुसळं मी एका डबीत ठेवली आहेत. परवा मधल्या सुट्टीत लॅबमध्ये कुणी नव्हतं. दार लावून मी ती काट्यावर ठेवली.

वजन भरलं. आता वर्गात कुणी तो प्रश्न विचारला तर काय सांगू, मला खरंच माहीत नाही.