सतरा नावं, माझ्या अक्षरात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. पाळकसाहेबांना नाही. देवाला सांगितलं असं म्हणेन तर तेही खोटं. त्याच्यापुढे डोळे मिटून मी दुसरंच काहीतरी मागत बसायचो.

ती यादी मी लिहिली.

पण आधी ट्रेचं सांगतो. सुरुवात तिथून आहे.

नानांच्या द्राक्षबागेच्या फाटकात एक उथळ प्लास्टिकचा ट्रे असतो. त्यात औषधाचं पाणी. माल परदेशात जातो, म्हणून नियम कडक. दुसऱ्या बागेतली बुरशी बुटाच्या तळाला चिकटून आत येऊ नये, यासाठी प्रत्येकानं पाय बुडवायचे आणि मगच आत शिरायचं. मजूर, ट्रॅक्टरवाला, व्यापारी, खुद्द नाना, सगळ्यांनी. नियम चांगला आहे. मीच लावायला सांगितला होता.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. नाना फाटकात उभे. सोबत गावातली आठ-दहा माणसं. मी पाय बुडवले, आत निघालो. मी ख्रिस्ती, म्हणून नाना मला फादर म्हणायचे.

"ए फादर, मागं ये. तू दोनदा बुडव."

"दोनदा का, नाना?"

"तुझ्या पायाला चर्चची माती हाय. एका बुडवणीत नाय निघायची."

सगळे हसले. मीही हसलो. हसत मागे आलो आणि पुन्हा पाय बुडवले. उजवा. मग डावा.

"आता झाला पवित्तर," नाना म्हणाले. पुन्हा हशा.

त्या दिवसापासून मी रोज दोनदा पाय बुडवत आलो. नाना नसले तरी. फाटकावर चिटपाखरू नसलं तरी. नऊ वर्षं. रोज दोनदा बुडव असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं काम पीक बघायचं. सकाळी दव असताना बागेत शिरायचं. सरळ ओळीनं चालायचं नाही. या टोकाकडून त्या टोकाला, तिथून परत अलीकडे, असं नागमोडी. म्हणजे सगळ्या बागेचा अंदाज येतो. ठरलेल्या वेलीपाशी थांबायचं. पान उलटायचं, गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला लावायचं. पानाखाली पांढरी बुरशी दिसली की वहीत ओळ नंबर, वेल नंबर, किती पानं. वेलीला तांबडी फीत. संध्याकाळी फवारणीवाला ती फीत बघून येतो.

आजोबा महारवाड्यातून मिशनच्या आवारात आले. तिथे त्यांना बसायला बाक मिळाला, वाचायला शुभवर्तमान मिळालं. गावाच्या तोंडी मात्र आम्ही बाटगेच राहिलो. आधीचं नाव गेलं नाही, नवीन एक चिकटलं. वडील म्हणायचे, आपण मूठभर लोक, कुणातरी मोठ्या माणसाच्या सावलीत राहावं लागतं. ते शेवटपर्यंत कुणा ना कुणाच्या सावलीत राहिले. मी नानांच्या.

आणि नानांनी केलं नाही असं नाही. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात पावसाळ्यात घोटाभर चिखल व्हायचा. नानांनी फरशा बसवून दिल्या. नाताळला केक पाठवायचे, फ्लेक्सवर 'ख्रिस्ती बांधवांना शुभेच्छा'. बदल्यात निवडणुकीला मी वस्तीतलं एकेक दार ठोठावायचो. "नानांची माणसं आपण," असं म्हणायचो. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना रिक्षात घालून न्यायचो. पक्षाचा गमछा गळ्यात, आत शर्टाखाली क्रूस. बायको एकदा म्हणाली, "अहो, गमछा एवढा दिसतो, क्रूस का नाही दिसत?" मी म्हटलं, "तुला राजकारण कळत नाही."

तिला कळत होतं.

छाटणीच्या हंगामाला नानांकडे मजूर सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून येतात. जीप भरून. त्या टोळीची मुकादम एक बाई होती, पन्नाशीची. सगळे मावशी म्हणायचे, मीही. मावशी प्रार्थनेला जायची. जायची म्हणजे तिच्याच अंगणात भरायची ती. ताडपत्रीचा मांडव, खाली चटया, एक डफ. बागेत मला नागमोडी चालताना बघून ती बायांना सांगायची, "बघा, दादा पिऊन आला," आणि सगळ्या ओळीभर हसू पसरायचं. ते हसणं वेगळं होतं. त्यात मी होतो.

तीन वर्षांपूर्वी नानांनी मला पॅकहाऊसच्या ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. बस म्हणाले. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसलो.

"पाड्यावर लय प्रार्थना चालू हायेत म्हणं."

चहा आला. नानांनी एक कप माझ्यापुढे सरकवला.

"वरून विचारणा हाय. कोण कोण बसतं, कुठलं घर, किती माणसं. तू मजूर आणायला जातोच जीप घेऊन. बघून ये. लिहून आण. तुझं कामच हाय ते, कुठल्या वेलीला लागलं ते बघायचं."

"नाना, ती माझीच माणसं..."

"तुझी माणसं कोण? ती का आम्ही?"

एवढंच. धमकी नाही, आमिष नाही. कामावरून काढीन असंही म्हणाले नाहीत. एक प्रश्न विचारला आणि बशीत चहा ओतून पीत राहिले. मी म्हटलं, "तुम्हीच, नाना." माझा चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती.

रविवारी मी पाड्यावर गेलो. मावशीच्या मांडवात बसलो. मला पुढची चटई दिली. बाहेरगावचा भाऊ आला म्हणून गीत निवडायला सांगितलं. मी निवडलं. मी गायलो. टाळ्या वाजवल्या. नंतर नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं, त्यांच्याकडचं पिठाचं कालवण, खाल्लं. मग पाय मोकळे करून येतो म्हणून उठलो आणि पाड्यातून फिरलो. वही खिशात होती.

माझ्या वहीची पानं छापील. ओळ नंबर, वेल नंबर, प्रादुर्भाव, शेरा. दुसरा कागद नव्हता माझ्याकडे. ओळीच्या जागी मी घर लिहिलं. वेलीच्या जागी घरच्या कर्त्याचं नाव. प्रादुर्भावाच्या रकान्यात माणसं. सतरा नावं झाली. पहिलं मावशीचं.

लिहिताना हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल. नाही थरथरला. अक्षर नेहमीसारखं नीट आलं.

पुढे काय झालं ते मला मावशीच्या फोनवरून कळलं. भर दुपारी, मी बागेत होतो. पाड्यावर सभा भरवली होती. बाहेरून गाड्या आल्या होत्या. आंब्याच्या झाडाखाली सगळ्यांना बसवलं आणि एकानं कागद वाचला. ज्याचं नाव वाचलं त्यानं उठून उभं राहायचं. सतरा घरं उभी राहिली. लेकरं कडेवर घेऊन. मांडव काढा म्हणाले. आणि या घरांतलं कुणी यंदा छाटणीच्या जीपमध्ये बसणार नाही म्हणाले.

"आमची नावा कोनीतरी लिहून दिली, दादा," मावशी म्हणाली. "आपल्यातलाच आहा तो."

"कशावरून?"

"नावा घराचे ओळीनं नाय वाचली. माझा पयला. मंग पल्याडचा घर. मंग परत अल्याड. वाकडातिकडा. पाड्यात तसा कोन चालतो?"

माझ्या हातात एक पान होतं, उलटलेलं. भिंग डोळ्याजवळ. चवथ्या ओळीतून मी बाराव्या ओळीकडे निघालो होतो.

मी सरळ चालायचं विसरलो होतो. वीस वर्षांची सवय, नानांकडे यायच्या आधीपासूनची. वही लपवली, हेतू लपवला, आणि पाय त्यांच्या सवयीनं चालून आले.

"तू त्याचेसाठी प्रार्थना कर, दादा," मावशी म्हणाली. "आता कर. फोनवरच कर. मी डोलं मिटलं."

मी केली. त्या बागेत उभं राहून, मोठ्यानं. "प्रभू, ज्यानं हे केलं त्याला क्षमा कर." ती आमेन म्हणाली. मीही म्हणालो. मग फोन ठेवला आणि बाराव्या ओळीत गेलो. पाच पानं लागलेली होती. वेलीला तांबडी फीत बांधली.

त्या महिन्याच्या प्रभूभोजनालाही मी भाकर घेतली. वेदीपाशी गुडघे टेकून, सगळ्यांबरोबर.

ती सतरा घरं त्या हंगामाला आली नाहीत. पुढच्याही नाही. जीपमध्ये दुसरे लोक आले. ओळीत मला बघून कुणी हसलं नाही.

मग गेल्या वर्षी निवडणुकीच्या आधी पक्षाचे वरचे साहेब बाग बघायला आले. पांढऱ्या गाड्या, हार, व्हिडिओवाला. फाटकात गर्दी. मी वही घेऊन बाजूला उभा होतो. नानांनी मला पुढे ओढलं. खांद्यावर हात टाकला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"साहेब, हा आमचा फादर. ख्रिश्चन हाय, पण आपला माणूस. ती पाड्याची यादी यानंच आणली. स्वतः त्यांच्यात बसून, गाणी म्हणून."

"अरे वा," साहेब म्हणाले. "घरभेदी."

"कीड वळखायला कीडच लागती, साहेब."

काय हसले सगळे. व्हिडिओवालासुद्धा. नानांनी माझी पाठ थोपटली. "चल, दाखव साहेबांना. दोनदा."

मी ट्रेपाशी गेलो. उजवा बुडवला. डावा बुडवला. बाहेर आलो आणि उभा राहिलो.

"दोनदा, फादर."

"झालं माझं, नाना."

"दोनदा म्हणलो."

"एकदाच पुरतं. बुरशी एकदाच मरते."

हसू थांबलं. नाना साहेबांकडे बघून जरा हसले, मग मला दोन पावलं बाजूला नेलं. आवाज खाली. "नाटकं बंद कर. उद्या जीप घेऊन पेठकडं जायचंय तुला. तीन पाडे हायेत."

"नाही जाणार."

"काय?"

"लिहिणार नाही. आता नाही लिहिणार."

"लिहिलंयस तू," नाना म्हणाले. "तुझ्या अक्षरातला कागद माझ्या कपाटात हाय. त्या बाईला पाठवू का फोटो?"

मी गळ्यातलं भिंग काढलं. तांबड्या फितीचं रीळ खिशातून काढलं. दोन्ही ट्रेच्या कडेला ठेवलं आणि फाटकातून चालत निघालो. मागून कुणीतरी ओरडलं, "बाटगा शेवटी बाटगाच."

याला धैर्य म्हणू नका. मला कीड म्हटलं म्हणून लागलं. मावशीला लेकरांसमोर उभं केलं तेव्हा इतकं लागलं नव्हतं. हेही इथेच लिहून ठेवतो. लपवायचं तर मग लिहायचंच कशाला.

आणि मला नाना वाईट भेटले, असंही म्हणणार नाही. माझ्या वडिलांचा मालक वेगळा होता, तो बोलायचा नाही, नुसती बोटानं खूण करायचा. आम्ही पिढ्यान् पिढ्या खूण बघून हललो. नानांनी फक्त एक प्रश्न विचारला होता. तुझी माणसं कोण? याचं उत्तर माझ्या आजोबांनी मिशनच्या बाकावर बसून दिलं होतं. मी चहाच्या कपासमोर ते फिरवलं.

आता मी सिन्नरकडच्या लहान शेतकऱ्यांची शेतं बघतो. कांदा, टोमॅटो. मोटारसायकल माझी, भिंग नवीन. फाटकं नाहीत त्यांना. नानांच्या लोकांचा फोन दोनदा आला. कागद अजून कपाटात आहे म्हणाले. निवडणूक जवळ आली की पुन्हा फोन येईल. खुशाल दाखवा म्हणायची हिंमत आजवर झाली नाही. त्या कागदानं मला अजून बांधून ठेवलंय. तो कागद त्यांनी दाखवायच्या आधी मीच सांगून टाकलं तरच गाठ सुटते.

मावशीला माहीत असेल का? त्या दिवशी फोनवर तिनं विचारलं होतं, पाड्यात तसा कोण चालतो. नागमोडी चालीवर तीच तर हसायची. कदाचित तिला तेव्हाच कळलं असेल आणि ती प्रार्थना तिनं मुद्दाम माझ्या तोंडून करून घेतली असेल. अनेक रात्री मी या विचाराचा आधार घेतला. तिला माहीतच आहे, मग सांगायचं कशाला? हा विचारही मी आता सोडला आहे. तिला माहीत असणं आणि मी सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येत्या रविवारी मी सुरगाण्याला जाणार. बायकोला हे पान आधी वाचायला देणार. ती येते म्हणाली तर येईल, नाही तर एकटा. मावशीच्या घरात शिरून, कोपऱ्यात, हळूच सांगणार नाही. त्या आंब्याच्या झाडाखाली सांगणार, जिथे त्यांना उभं केलं होतं. बसून नाही. क्षमाही मागणार नाही. ती माणसं लगेच देऊन टाकतील, आणि मी पुन्हा सुटेन.

त्या झाडाखाली सतरा नावं वाचली गेली. ज्यानं ती लिहिली त्याचं नाव वाचायचं राहिलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, उभं राहून. तेवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.